घरच्या सर्व्हरचीही परीक्षा घ्या: गोवा विद्यापीठाची विद्या परिषद आणि प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
गोवा विद्यापीठाच्या विद्या परिषदेचे माननीय सदस्य, तसेच
राज्यात माहिती तंत्रज्ञान व संगणकशास्त्राचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयांचे माननीय प्राचार्य

सविनय नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातील एका गावात राहतो आणि माहिती तंत्रज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकतो. हे पत्र लिहिण्यामागे एकच मागणी आहे आणि ती आडपडदा न ठेवता सुरुवातीलाच मांडतो. विद्यार्थी स्वतःच्या घरी जो सर्व्हर (घरच्यांना सेवा पुरवण्यासाठी सतत चालू ठेवलेला संगणक) उभारतो, महिनोन्‌महिने चालता ठेवतो आणि ज्यावर घरातली माणसे रोज विसंबून असतात, त्या कामाची रीतसर परीक्षा घ्यावी आणि विद्यार्थी तीत उतरला तर इंटर्नशिपसाठी ठेवलेल्या क्रेडिटपैकी (पदवीसाठी जमवायच्या श्रेयांकांपैकी) निम्मे क्रेडिट त्याला त्या कामाबद्दल द्यावेत. हजेरीत सवलत, सोपा पेपर किंवा वाढीव गुण यांपैकी काहीही मी मागत नाही. जे काम आम्ही नाहीतरी रात्री जागून करतो आणि जे आमच्या शाखेचेच काम आहे, त्याची अभ्यासक्रमात कुठेतरी नोंद व्हावी, एवढेच म्हणणे आहे.

आधी तासांचा हिशेब मांडतो, कारण सगळी ओढाताण तिथूनच सुरू होते. एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट असे धरले आहे, म्हणजे एका सत्राचे ६०० तास होतात. सत्रात शिकवण्याचे १५ आठवडे धरले तर आठवड्याला ४० तास होतात, आणि एवढे तास पूर्णवेळ नोकरी करणारा माणूस भरतो. त्यात वर्ग, प्रात्यक्षिके आणि घरचा अभ्यास हे सगळे आले, हे मान्य आहे. पण जर्नल उतरवून काढणे, सबमिशनच्या आठवड्यात सह्यांसाठी स्टाफरूमबाहेर ताटकळणे आणि प्रवास यांना त्या हिशेबात जागा नाही. त्यावर इंटर्नशिप येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदवीच्या विद्यार्थ्याने चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप करावी आणि तिला २ ते ४ क्रेडिट मिळावेत. अभियांत्रिकीत ही अपेक्षा याहून बरीच मोठी आहे. कागदावर हे तास सुट्टीत बसतात. प्रत्यक्षात कंपनीला काही आठवड्यांचा पाहुणा नको असतो. तिला सलग काही महिने काम करणारा माणूस हवा असतो, आणि म्हणून मे महिन्यात सुरू झालेली इंटर्नशिप पुढच्या सत्रात हळूच शिरते. मग सकाळी वर्ग, दुपारी प्रयोगशाळा आणि संध्याकाळी कंपनीचे काम असा दिवस चालू होतो. वाळपईच्या पलीकडच्या गावातून येणाऱ्याला तर फोंड्यात बस बदलून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जायचे असते. दुचाकी असेल तर ठीक, नसेल तर शेवटच्या कदंब बसच्या वेळेवर डोळा ठेवूनच हातातले काम आवरावे लागते, मग ते काम कितीही रंगात आलेले असो.

या सगळ्यातून उरलेल्या वेळात आमच्यापैकी काही जण घरी सर्व्हर चालवतात, आणि घरच्यांना, शिक्षकांना, कधीकधी वर्गमित्रांनाही तो एक छंद वाटतो. म्हणून तो काय असतो हे थोडे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

सर्व्हर म्हटले की थंडगार खोलीतील लोखंडी कपाटे डोळ्यांसमोर येतात. घरचा सर्व्हर म्हणजे बहुधा एखाद्या कचेरीने वापरून काढून टाकलेला लहानसा संगणक असतो. १५ वॉट वीज घेणारा असा संगणक अहोरात्र चालला तरी महिन्याला साधारण ११ युनिट होतात. त्याऐवजी जुना मोठा डेस्कटॉप चालवला आणि तो ८० वॉट घेत असला, तर तेच ५८ युनिटपर्यंत जाते. हा फरक बाबांनी बिल पाहून विचारण्याआधी आपणच काढून ठेवलेला बरा. आमच्या घरी तो राउटरशेजारच्या फळीवर ठेवलेला आहे. त्यावर प्रॉक्समॉक्स (एका संगणकाचे अनेक स्वतंत्र कप्पे करणारे सॉफ्टवेअर) चालते आणि त्याच्या आत वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे कप्प्यांमध्ये, घरच्यांचे फोटो, माझे गिटचे (कोडमधील प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या प्रणालीचे) कोठार, जाहिराती अडवणारे पाय-होल आणि कागदपत्रांसाठी पेपरलेस अशा मोजक्या सेवा आहेत. बाबांच्या काजू-सुपारीच्या पावत्या, घरपट्टी, वीजबिले आणि जमिनीचे एक-चौदाचे उतारे स्कॅन करून त्यात ठेवले आहेत. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर छापील मराठी, इंग्रजी आणि पोर्तुगीज मजकूर ओळखते, त्यामुळे सर्व्हे नंबर टाकला की हवा तो कागद समोर येतो. (आजोबांच्या काळातील हाताने लिहिलेल्या पोर्तुगीज कागदांपुढे मात्र ते हात टेकते, त्यासाठी अजूनही गावातील एका वृद्ध गृहस्थांकडेच जावे लागते.)

इथवरचे काम सोपे आहे आणि ते एखाद्या शनिवार-रविवारी उरकते. खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते, आणि गोव्यात ते पावसाबरोबर येते. मेच्या अखेरीस विजा कडाडू लागल्या की घरातील मोठी माणसे सगळ्यात आधी टीव्हीचा आणि राउटरचा प्लग काढतात, आणि ते योग्यच आहे. मग सर्व्हरचे काय? यूपीएस बॅटरीवर गेला की तो यूएसबीच्या तारेतून संगणकाला तसे कळवतो आणि नेटवर्क यूपीएस टूल्स हे सॉफ्टवेअर तो निरोप ऐकते. बॅटरी ठरवलेल्या पातळीखाली उतरली की सेवा क्रमाने बंद व्हाव्या लागतात: आधी फोटोंचे ॲप, मग त्यामागचा पोस्टग्रेस डेटाबेस, सर्वांत शेवटी यजमान संगणक. हा क्रम उलटा झाला तर ॲप नसलेल्या डेटाबेसला हाका मारत बसते आणि तेवढ्यात बॅटरी संपते. वीज परत आल्यानंतरचा प्रश्न याहून नाजूक आहे. वीज येताच संगणकाने आपोआप सुरू व्हावे अशी सोय बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) असते. पण आमच्याकडे पावसाळ्यात वीज एकदाच येत नाही. ती येते, पाच मिनिटांत जाते, पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी डिस्क फिरू लागते न लागते तोच थांबते. म्हणून बॅटरी काही टक्के भरल्याखेरीज पुढे वीज सोडायचीच नाही, असे ज्या यूपीएसमध्ये ती सोय आहे त्याला सांगून ठेवावे लागते. आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात प्रक्रिया बंद करण्याच्या संदेशांवर प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर आम्ही पाठ करतो. ते संदेश कशासाठी आहेत, प्रक्रियेला आवरायला वेळ देणारा संदेश आणि तिला जागीच मारणारा संदेश यांत काय अंतर आहे, हे मला वीज गेलेल्या रात्री लॉग, म्हणजे संगणकाने ठेवलेल्या नोंदी, वाचताना समजले.

दुसरे उदाहरण पत्त्याचे. इंटरनेटवर यंत्रांना पत्ते देणाऱ्या आयपी या नियमसंचाच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच निघतात, आणि जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. तेव्हापासून इंटरनेट पुरवठादार अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्यासाठी २०१२ मध्ये पत्त्यांचा एक वेगळा टापूही राखून ठेवण्यात आला. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ आणि १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होणारा दिसला की समजावे, बाहेरून आपल्या घरापर्यंत थेट वाट नाही. राउटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे आत येण्याची दारे, उघडले तरी उपयोग शून्य. मग एक तर सहाव्या आवृत्तीचा पत्ता वापरायला शिकावे लागते, नाहीतर बाहेर एखादा लहान भाड्याचा सर्व्हर घेऊन घरातूनच त्याच्याकडे वायरगार्डचा (सुरक्षित खासगी जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) बोगदा काढावा लागतो. पाठ्यपुस्तकात पत्त्यांच्या रूपांतराला, म्हणजे अनेकांना एका पत्त्यामागे बसवण्याच्या या पद्धतीला, अर्धे पान असते. ज्याने महाविद्यालयात बसून घरचा फोटो उघडण्याची खटपट केली आहे, त्याला त्या अर्ध्या पानावर तासभर बोलता येते. (अर्थात महाविद्यालयाच्या वाय-फायवर एसएसएच (दुरून संगणक चालवण्याची सोय) आणि वायरगार्ड दोन्ही अडवलेले नसतील तर. प्राचार्य महोदय, याबद्दल पुढे आणखी एक विनंती आहे.)

आता प्रयोगशाळेकडे वळतो. आमच्या शिक्षकांबद्दल माझी तक्रार नाही. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात अपाचे हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर बसवून पान दिसले की आउटपुट जर्नलात चिकटवायचे, ही चौकटच अशी आहे की त्यात तिसऱ्या महिन्यात काय होते हे दाखवायला जागा नाही. अनेक प्रयोगशाळांत तर संगणक पुन्हा सुरू केला की तो मूळ स्थितीला जातो; तिथे शिस्त राहावी म्हणून ते आवश्यकही आहे. परंतु संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपणे, डिस्क भरणे, अद्ययावत आवृत्ती घेतल्यावर जुना डेटाबेस न उघडणे या गोष्टी काळ गेल्याशिवाय घडतच नाहीत. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची अशी मोफत प्रमाणपत्रे सुरुवातीपासून जास्तीत जास्त ९० दिवसांच्या मुदतीची राहिली आहेत. म्हणजे ज्याने ती बसवली त्याला सत्र संपण्याआधी किमान एकदा नूतनीकरणाला तोंड द्यावेच लागते. शिवाय प्रयोगशाळेतला सर्व्हर बंद पडला तर कोणाचेच अडत नाही. घरी ताई दुसऱ्या दिवशी मुलाखतीला नेण्यासाठी गुणपत्रिका शोधत असते आणि पान उघडत नाही, तेव्हा सुटका नसते.

इंटर्नशिप निरुपयोगी आहे, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कृपया घेऊ नये. मला स्वतःला चांगली इंटर्नशिप मिळाली. माझा कोड वरिष्ठांनी ओळीओळीने तपासून परत पाठवला, दुसऱ्याने लिहिलेला गुंता वाचायला लावला, आणि एखादे काम किती दिवसांत होईल हे विचारल्यावर अंदाज देण्याची व तो पाळण्याची सवय लावली. यातले काहीही घरच्या फळीवर शिकायला मिळत नाही. पण कोणतीही शहाणी कंपनी इंटर्नच्या हाती चालू सर्व्हरचे सर्वाधिकार देत नाही, आणि देऊही नये. म्हणजे बिघडल्यास आपणच जबाबदार असण्याचा अनुभव इंटर्नशिपमध्ये मिळत नाही आणि घरी मिळतो. या दोन शिक्षणांनी एकमेकांची उणीव भरून काढायला हवी होती. आजच्या रचनेत ती एकाच संध्याकाळसाठी भांडतात, आणि ज्याला क्रेडिट आहे ते जिंकते.

त्यातही जिंकणारी प्रत्येक इंटर्नशिप त्या योग्यतेची असते असे नाही. माझ्या एका वर्गमित्राने एका आस्थापनेत आठवडेच्या आठवडे एक्सेलमध्ये पत्ते भरले आणि शेवटी त्याला वेब विकसनाचे प्रमाणपत्र मिळाले. विद्यार्थ्यांकडूनच शुल्क घेऊन इंटर्नशिप देणारेही आहेत. तिथे क्रेडिट विकत मिळतात असे म्हटले तर ते फारसे कडवट होणार नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत विद्यावेतनाची सोय आहे, पण ती आणली तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्यांना तिचे दार बंद होते. त्यामुळे महाविद्यालयाच्या यादीत जे असेल त्यावरच आमची भिस्त राहते, आणि गोव्यासारख्या लहान राज्यात ती यादी लवकर संपते.

माझी मागणी नियमांच्या चौकटीबाहेरची नाही, हे येथे नमूद करतो. आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे इंटर्नशिपबरोबर संशोधन इंटर्नशिपही मान्य करतात, म्हणजे कंपनीची पायरी चढल्याशिवायही क्रेडिट मिळू शकतात हे तत्त्व आधीच स्वीकारलेले आहे. २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या स्वयंम्‌ या संकेतस्थळावरून घेता येतात आणि त्यांचे क्रेडिट मिळतात. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा तर अनुभवातून झालेल्या शिक्षणालाही क्रेडिट द्यावेत असे म्हणतो. त्याची अट एवढीच की त्या शिक्षणाचे मूल्यमापन झाले पाहिजे. तेव्हा घरच्या सर्व्हरचे मूल्यमापन कसे करायचे, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचा मी शक्य तितका विचार केला आहे.

सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्याने एका मार्गदर्शक शिक्षकाकडे नोंद करावी आणि कोणती सेवा चालवणार, ती स्वतःखेरीज कोण वापरणार, हे लिहून द्यावे. दुसऱ्या माणसाने वापरण्याची अट मी मुद्दाम घातली आहे. रंगीबेरंगी डॅशबोर्ड सजवण्यात आणि कोणीही न मागितलेल्या वीस सेवा बसवण्यात रात्री घालवणारे आमच्यात पुष्कळ आहेत. त्यांना कृपया क्रेडिट देऊ नयेत. सेवेची सर्व मांडणी गिटमध्ये लिहिलेली असावी, म्हणजे कोणता बदल कधी आणि का केला हे मार्गदर्शकाला पाहता येईल आणि आदल्या रात्री उभे केलेले बुजगावणे ओळखू येईल. सत्रात घडलेल्या एका बिघाडाचा दोन पानी वृत्तांत असावा: काय बंद पडले, कसे लक्षात आले, कारण काय निघाले आणि पुढे काय बदलले. बिघाड झालाच नाही असे सांगणाऱ्याकडे परीक्षकांनी थोड्या संशयाने पाहावे.

अखेरची आणि मुख्य कसोटी पुनर्स्थापनेची असावी. परीक्षकांनी विद्यार्थ्यासमोर एक रिकामा संगणक ठेवावा, त्याच्या सेवांपैकी कोणतीही एक निवडावी आणि ती बॅकअपमधून दोन तासांत उभी करायला सांगावी. डेटाबेस उघडतो का, फोटोंची संख्या जुळते का, मागच्या आठवड्यात टाकलेला कागद सापडतो का, हे तिथेच पाहावे. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक घराबाहेर, हा नियम तोंडी परीक्षेत प्रत्येक जण सांगतो. पण प्रत असणे आणि ती परत आणता येणे यांत किती अंतर असते हे ३१ जानेवारी २०१७ च्या घटनेने जगाला दाखवले आहे. त्या दिवशी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला आणि बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धडपणे चालत नसल्याचे तेव्हा कळले. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने ते सगळे न लपवता प्रसिद्ध केले, ही गोष्ट वेगळी आणि कौतुकाची. सांगायचे हे की पगारी तज्ज्ञांनाही जी परीक्षा अवघड गेली, ती आम्ही द्यायला तयार आहोत. अहवाल हल्ली चॅटजीपीटीकडूनही लिहून घेता येतो, आणि तो तसा घेतला जातो हे आपणा सर्वांना माहीत आहे. रिकाम्या संगणकापुढे बसल्यावर मात्र, ज्याने स्वतः काही चालवलेले नाही त्याला ते चालवल्याचे सोंग आणता येत नाही.

यावर सर्वांत रास्त आक्षेप विषमतेचा येईल. ज्याच्या घरी जुना संगणक, यूपीएस आणि बरे इंटरनेट आहे त्यालाच क्रेडिट मिळणार का? वसतिगृहात राहणाऱ्या मुलीने सर्व्हर कुठे ठेवायचा? याचे उत्तर महाविद्यालयांच्याच कोठारात आहे. विंडोज १० साठीची मोफत सुरक्षा अद्ययावतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे प्रयोगशाळांतील कितीतरी धडधाकट संगणक डेड स्टॉकच्या रजिस्टरात जाण्याच्या वाटेवर आहेत. त्यांवर डेबियन ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम आणखी कित्येक वर्षे सुखाने चालेल. ते भंगारात किंवा ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे देण्याआधी नोंद करून सत्रापुरते विद्यार्थ्यांना द्यावेत. ज्यांना ते घरी नेणे शक्य नाही त्यांच्यासाठी विभागातील एक टेबल, एक यूपीएस आणि महाविद्यालयाच्या नेटवर्कचा एक वेगळा, बाकीच्यांपासून तोडलेला भाग राखून ठेवावा. मघाशी उल्लेखलेली विनंती हीच: त्या भागापुरते एसएसएच आणि वायरगार्ड मोकळे करावेत आणि शक्य झाल्यास महाविद्यालयाच्या नावाखालचे एक उपडोमेन, म्हणजे वेब-पत्ता, द्यावे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तोही हलक्यात घेण्यासारखा नाही. उघड्या इंटरनेटवर ठेवलेला बेवारस सर्व्हर काही तासांत कोणीतरी ठोठावू लागतो. म्हणून या योजनेत व्हीपीएनखेरीज (वायरगार्डसारख्या खासगी जोडणीखेरीज) काहीही बाहेर उघडे नसावे अशी अट घालावी. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा व्यक्तीच्या खासगी वा घरगुती वापराला लागू नाही, तेव्हा घरचे फोटो आणि पावत्या ठेवण्यात अडचण नाही. शेजाऱ्याच्या दुकानातील गिऱ्हाइकांची यादी मात्र या कामात येऊ नये, आणि इंटर्नशिपमधील कंपनीचा डेटा तर मुळीच येऊ नये. हे दोन नियम लेखी असावेत आणि मोडणाऱ्याचे क्रेडिट रद्द व्हावेत.

आमच्या बाजूनेही मर्यादा हवी, कारण सर्व्हर अभ्यास खातो हे घरच्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परीक्षेच्या तीन आठवडे आधीपासून सुरक्षेच्या अद्ययावतनाखेरीज कोणताही बदल करायचा नाही असा नियम नोंदणीच्या अर्जातच असावा. कंपन्यांत सणासुदीला आणि वर्षअखेरीला अशी बदलबंदी असतेच. चवथीच्या सुट्टीनंतर लगेच येणाऱ्या अंतर्गत परीक्षांच्या काळात ती आम्हालाही उपयोगी पडेल.

राहता राहिला वेळापत्रकाचा प्रश्न. निम्मे क्रेडिट घरच्या कामातून आले तर इंटर्नशिपचे तास तेवढे कमी होतील आणि ती सत्रात न सांडता सुट्टीतच पूर्ण होऊ शकेल. तरीही पाचव्या आणि सहाव्या सत्रात आठवड्यातील एक दिवस वर्गांपासून पूर्ण मोकळा ठेवावा, अशी माझी विनंती आहे. पाच दिवसांच्या तुटक संध्याकाळींपेक्षा कंपनीलाही एक सलग दिवस बरा पडतो आणि दूरच्या तालुक्यातून येणाऱ्यांचा प्रवासाचा वेळ वाचतो. राज्यातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांशी महाविद्यालये करार करतात तेव्हा त्यात कामाचे स्वरूप, मार्गदर्शकाचे पद, विद्यावेतन आणि घरून काम करण्याचे दिवस हे चार रकाने भरल्याशिवाय क्रेडिट लागू होऊ नयेत. शुल्क घेणारी इंटर्नशिप तर यादीत येऊच नये.

विद्या परिषदेने हा विषय संगणक आणि माहिती तंत्रज्ञानाच्या अभ्यास मंडळांकडे विचारार्थ पाठवावा आणि येत्या जूनच्या सत्रात एखाद्या महाविद्यालयात तो प्रायोगिक तत्त्वावर राबवावा, अशी विनंती करतो. नियम तयार होईपर्यंत थांबावे लागेल हे मी समजू शकतो. तोवर मी आणि माझ्यासारखे काही विद्यार्थी क्रेडिटची अपेक्षा न ठेवता ही पुनर्स्थापनेची परीक्षा द्यायला तयार आहोत, म्हणजे प्रश्नपत्रिका, वेळ आणि गुणांची विभागणी कशी असावी हे अभ्यास मंडळाला प्रत्यक्ष पाहून ठरवता येईल. त्यासाठी महाविद्यालयाने रिकाम्या डिस्कचा एक संगणक आणि नेटवर्कची एक जोडणी द्यावी. बॅकअप आम्ही आणू. तारीख सबमिशनच्या आठवड्यात येऊ नये, एवढे मात्र पाहावे.

आपला नम्र,
माहिती तंत्रज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी
सत्तरी, गोवा